काय म्हणून येऊ?

मीराबाई रामटेकेनं जन्मभर लोकांच्या साड्यांना फॉल लावले, पिको केला, उसवलेलं शिवून दिलं. स्वतःचं तोंड तेवढं तिला शिवता आलं नाही. हे तिचा नवरा देवीदास म्हणतो, आणि जो माणूस बेचाळीस वर्षं त्या तोंडासमोर बसून जेवला त्याला एवढं म्हणायचा हक्क आहेच.

एकोणिसाव्या वर्षी ती गोंदियाकडच्या खेड्यातून लग्न होऊन रायपूरला आली. देवीदास रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता. गुढियारीत दोन खोल्या, पुढे पत्र्याची ओसरी, ओसरीत शिलाई मशीन. पंडरीच्या दोन दुकानांतून साड्यांचे गठ्ठे यायचे, अजून येतात. त्या मशीनवर तिनं दोनाच्या चार खोल्या केल्या, मुलगा इंद्रजीतला डिप्लोमा करवला आणि त्याचं लग्नही थाटात लावून दिलं. सून आणली चेतना. गोंदियाचीच, बी.कॉम. झालेली, नवा रायपूरच्या सरकारी ऑफिसात क्लार्क. मीराबाई मोहल्ल्यात सांगत फिरायची, "माही सून सरकारी बसनं जाते बाप्पा, साधीसुधी नाही!"

लग्न नऊ वर्षं टिकलं. कोणी कोणाला मारलं नाही, कोणी पळून गेलं नाही. लोकांना सांगायला एखादं ठसठशीत कारण असतं तर बरं झालं असतं. इंद्रजीत सिलतऱ्याकडे लोखंडाच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. तो घरी आला की ही निघायची. बोलणं झालं की भांडण, आणि भांडण नसलं की पंधरा-पंधरा दिवस अबोला. शेवटी दोघांनीही सह्या केल्या. पोरगी कौमुदी आईजवळ राहील, दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बापाकडे जाईल, आई रायपुरात आहे तोवर शाळा बदलायची नाही, असं सगळं कागदावर ठरलं.

कागदावर नीटच झालं होतं. घोळ केला तो मीराबाईनं, कोर्टाच्या व्हरांड्यात. जाता जाता चेतना तिच्या पाया पडायला वाकली, तर हिनं पाय मागे घेतले आणि चारचौघांच्या देखत म्हणाली, "राहू दे. आजपासून तुह्या-माह्यात काही नातं नाही. माह्यासाठी तू मेली."

आता बोला! नवरा-बायकोचं मोडायचं ते मोडलं होतं. जे मोडायला कोणी सांगितलं नव्हतं तेही हिनं मोडून दाखवलं. रागाच्या भरात बोलली, हे खरं. पण ऑटोत बसल्या बसल्याच तिला आपली चूक कळली. उतरावं, मागे जावं, दोन शब्द बोलावे असं तिला फार वाटलं. पण छे! आपलं चुकलं असं मीराबाईनं त्याआधी कोणाला कधी म्हटलं होतं, की त्या दिवशी म्हणणार?

रविवारची ने-आण बूढापाऱ्यात व्हायची, तलावाच्या बगीच्याच्या फाटकाशी. चेतना पुरानी बस्तीत भाड्यानं राहत होती, हे गुढियारीत, म्हणून मधली जागा धरली. इंद्रजीत आणि चेतना समोरासमोर आले की कौमुदी दोघांचेही हात सोडून खाली मान घालून उभी राहायची. पहिल्या दोन रविवारी ते पाहिलं आणि मीराबाईनं ठरवलं, पोरीला आणायला-पोचवायला आपणच जायचं. फाटकाशी सुकवारो नावाची छत्तीसगढी फुलवाली टोपलीत गोंद्याची फुलं घेऊन बसायची. गोंदा म्हणजे आपला झेंडू. मीराबाई विहारासाठी तिच्याकडून ओंजळभर फुलं घ्यायची, तेवढ्यात चेतनाची स्कूटी यायची.

दोघींत बोलणं नाही. चेतना स्कूटी चालूच ठेवायची, पोरीला उतरवायची, बॅग द्यायची की चालली. सांगायचं ते बॅगेतल्या चिठ्ठीत. "काल खोकला होता, थंड देऊ नये." "इंग्लिशच्या वहीवर पप्पाची सही पाहिजे." वर नाव नाही, खाली नाव नाही. मीराबाई चौथी शिकलेली, लिहायचा तिला कंटाळा. तिचं उत्तर डब्यात असायचं. पाटवड्या, भरलं वांगं, उन्हाळ्यात कैरीचा तक्कू. म्हणायला कौमुदीसाठी, पण आठ वर्षांची पोरगी भरलं वांगं कुठून खाणार? ते कोणाला आवडतं हे दोघींनाही माहीत होतं. पुढच्या रविवारी डबा परत यायचा घासून-पुसून, रिकामा. आपल्यात डबा कोणी रिकामा देत नाही, साखरेचे चार दाणे तरी टाकतात. मीराबाई दर वेळी झाकण उघडून पाहायची. दीड वर्ष डबा रिकामाच आला.

पोरगी दोन्ही घरी शहाण्यासारखी वागायची. दोन टूथब्रश, दोन चपला, दोन उशा, कुठं काही विसरायची नाही. बोलायची हिंदीत, मराठी सगळी समजायची. फक्त शनिवार आला की तिचं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चिठ्ठी आली. "बुधवारी शाळेत ताप आला होता, १०२. मी पोचेपर्यंत दोन तास ऑफिसात बसून होती. दुपारी एक गोळी द्यावी."

मीराबाईनं चिठ्ठी तीनदा वाचली. शाळा तिच्या घरून पायी दहा मिनिटांवर. बुधवारी दुपारी ती ओसरीत बसून एका गुलाबी साडीला फॉल लावत होती, मोबाईलवर गाणी लावून. आणि तिची नात दहा मिनिटांवर तापानं फणफणत बाकावर बसलेली! बापाचा मोबाईल शिफ्टमध्ये लॉकरात, आई नवा रायपूरहून बस पकडून धावत-पळत येतेय, आणि ही इथं गाणी ऐकतेय. तिला स्वतःचीच चीड आली. पण मीराबाईची चीड फार वेळ स्वतःवर राहत नाही.

पाच वाजता ती भांडायच्या तयारीनंच फाटकाशी गेली. कौमुदी आत शेवटचा झोका घ्यायला पळाली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मीराबाईनं चेतनाशी तोंड उघडलं.

"काहून नाही सांगतलं मले? दहा मिनिटं लागते मले शाळेत जायले. दहा मिनिटं!"

चेतनानं हेल्मेट काढलं. "काय म्हणून सांगू?"

"म्हणजे?"

"म्हणजे, कोण म्हणून फोन करू तुम्हाले? सासू तर राहिल्या नाही तुम्ही. तुमच्यासाठी मी मेली ना? मेलेलं माणूस फोन करते का?"

तिचा आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मीराबाईला बोलता आलं असतं.

"आता तसं पण तुम्हाले चिंता नाही," चेतना म्हणाली. "माही घरमालकीण दुपारी कौमूले सांभाळते. ती एप्रिलात पोराकडे चालली भिलाईले. मी राजनांदगावची बदली मागितली आहे. तिथं प्रमोदिनीताई आहे माही, ते सांभाळन. जूनपासून शाळा तिकडेच."

"अन् रविवार?"

"आणीन ना. जमन तेव्हा."

जमन तेव्हा! मीराबाईनं दुनिया पाहिली होती. आधी दर रविवार, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळी, मग लग्नाची पत्रिका. सत्तर किलोमीटर म्हणजे काही फार नाही, पण ज्या वाटेवर कोणाला बोलावणं नाही ती वाट सात किलोमीटरचीही लांब पडते. नात हातची चालली होती, आणि आपल्याच जिभेनं चालली होती.

घरी येऊन ती मशीनवर डोकं टेकून रडली. देवीदास शेजारी खुर्ची ओढून बसला.

"माफी माग," तो म्हणाला.

"कशी मागतात?"

"मले काय माहीत? बेचाळीस वर्षांत तू मागून दाखवली का कधी?"

आठवडाभर ती फॉल लावता लावता पुटपुटत होती. रविवारी दहा वाजता फाटकाशी उभी राहिली तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरली. कौमुदी सुकवारोजवळ बसून फुलं निवडू लागली, आणि हिच्या तोंडून कसंबसं निघालं, "त्या दिवशी, कोर्टात, मी जे बोलली..."

"राहू द्या, आई," चेतना म्हणाली. 'आई' तिच्या तोंडून सवयीनं गेलं होतं, ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं नजर वळवली. "माह्या मनात काही नाही आता. तुम्ही वाईट नाही, ते मले माहीत आहे. पण सून म्हणून मी त्या घरात पाय नाही टाकणार. नऊ वर्षं सून होती. फिरून नाही होत."

"मग सून म्हणून नको येऊ ना!"

"तर काय म्हणून येऊ? गल्लीतल्या बाया विचारतीन, कोण आली वो मीराबाई? काय सांगसान? इंद्रजीतची सोडलेली?"

"कौमूची आई आली म्हणीन."

"ते फिरून तेच झालं. तुमच्या पोराच्या पोरीची आई."

आपल्याकडे चुलतसासूच्या जावेलाही नाव आहे, पण समोर उभ्या या बाईला काय म्हणायचं ते मीराबाईला सापडेना. आणि जिला नावच नाही तिला घरात बोलवायचं कसं?

तेव्हा खालून आवाज आला. दीड वर्ष मुकाट्यानं हे पाहत बसलेल्या सुकवारोला आता राहवलं नाही.

"ए दीदी हो, डेढ बछर ले देखत हंव तुमन ला. नाता टूट गे, त नवा बद लेव!" नातं तुटलं, तर नवं बांधा.

छत्तीसगढात दोन माणसं ठरवून एकमेकांशी नातं बांधतात, त्याला मितान बदणं म्हणतात. रक्त लागत नाही, जात लागत नाही. बायका फुलाची अदलाबदल करतात, एकमेकींच्या कानामागे खोवतात, आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घेत नाहीत. जे फूल बदललं तेच नाव. गोंदा बदलला तर ही तिची गोंदाफूल आणि ती हिची गोंदाफूल. त्यात थोरली-धाकटी नाही. सुखदुःखाला जायचं, लेकरं आपली मानायची. सुकवारोची गोंदाफूल धमतरीकडे राहते. सुकवारोच्या दोन्ही बाळंतपणांना तीच येऊन राहिली होती, सख्खी बहीण आली नाही तेव्हा.

"अन् तोडता येते का?" मीराबाईनं विचारलं. तिला स्वतःच्या तोंडाची धास्ती होती.

"मरत ले नइ टूटय," सुकवारो म्हणाली. मरेपर्यंत नाही.

"सास-बहू भी बद सकते हैं क्या?" मीराबाईनं पुढचं विचारलं.

सुकवारो खो-खो हसली. "देखे तो नइ हंव, दीदी. फेर मना घलो नइ हे." पाहिलं नाही कधी, पण मनाईही नाही.

"तुम भी ना, दीदी!" चेतनानं हेल्मेट चढवलं आणि स्कूटी वळवली. पण जाताना ती हसत होती, एवढं मीराबाईनं टिपलं.

घरी देवीदासनं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "आपण बौद्ध माणसं. हे टोटके कायले पाहिजे?"

"टोटका कायचा? नारळ नाही, दिवा नाही, देव नाही. फूल आहे. विहारात वाहतोच ना आपण?"

देवीदास खाटेवर टेकला. मग म्हणाला, "हिरालाल साहू आठवते तुले? वॅगन शॉपात माह्या बाजूच्या मशीनवर होता. तो माह्याशी मितान बदणार होता. माह्या बापानं नाही म्हटलं, अन् मी ऐकलं. हिरालाल गेला तेव्हा मले दोन दिवसानं माहीत पडलं. कोण म्हणून कळवणार होते मले?" त्यानं चष्मा काढून पुसला. "बदून टाक."

म्हणणं सोपं होतं. मीराबाईला खरी अडचण फुलाची नव्हतीच, बरोबरीची होती. सासूपण तिनं कमावलं होतं बाप्पा! स्वतःच्या सासूच्या हाताखाली सोळा वर्षं काढून मिळवलेलं पद होतं ते. आता या पोरीला 'ए चेतना, इकडे ये' म्हणता येणार नाही? हुकूम नाही, टोमणा नाही? तीन दिवस तिनं याचाच विचार केला. चौथ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती सहज त्या रस्त्यानं गेली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. कौमुदी व्हॅनमध्ये चढताना दिसली, खिडकीशी बसली, आणि व्हॅन पुरानी बस्तीकडे निघून गेली. पोरीनं आजीला पाहिलंही नाही. मीराबाई घरी आली, खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांत पेन धरलं आणि आयुष्यातली पहिली चिठ्ठी लिहिली.

"सासू म्हणून नाही. गोंदाफूल म्हणून ये. मीरा."

'बाई' तिनं मुद्दामच लिहिलं नाही. रविवारी पाच वाजता चिठ्ठी कौमुदीच्या बॅगेत गेली, डब्याच्या खाली.

त्या आठवड्यात पंडरीच्या दुकानदारानं दोन साड्या परत पाठवल्या. एकीला फॉल उलटा लागला होता, दुसरीला दुसऱ्याच रंगाचा. असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी स्कूटी आली. चेतनानं ती बंद केली आणि स्टँडवर लावली. दीड वर्षात तिनं स्कूटी स्टँडवर लावली नव्हती. तिनं डबा मीराबाईच्या हातात दिला, तर तो जड लागला. आत मुर्र्याचे, म्हणजे चुरमुऱ्यांचे, चार लाडू होते, गुळाचे, जरा जास्तच कडक झालेले.

"मी आधी बोलते," चेतना म्हणाली. "मी त्या घरात राहायले नाही येणार. सणाले सैपाक करायले नाही येणार. माह्या अन् इंद्रजीतच्या मधात तुम्ही पडायचं नाही, जोडायलेही नाही अन् तोडायलेही नाही. अन् बदलीचा अर्ज मी परत नाही घेतला. घेईनच असंही म्हणत नाही."

"हाव."

"जमन तुम्हाले?"

"नाही जमलं तर सांगजो तोंडावर. तूही बरोबरीची आहे आता."

सुकवारोनं टोपलीतली दोन मोठी फुलं काढली. कौमुदी मध्ये येऊन उभी राहिली, डोळे विस्फारून. मीराबाईनं चेतनाच्या कानामागे फूल खोवलं. चेतनानं आधी मीराबाईचे केस कानामागे सारले आणि मग फूल खोवलं. मीराबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि या खेपेला तिनं ती लपवली नाही.

"अब बोलव, सीताराम गोंदाफूल!" सुकवारोनं रीत सांगितली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मीराबाई म्हणाली, "जय भीम, गोंदाफूल."

"जय भीम," चेतना म्हणाली. पुढचा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"होही, धीरे-धीरे होही," सुकवारो म्हणाली. होईल हळूहळू.

"और मैं आजी को क्या बोलूँ?" कौमुदीला तिची चिंता.

"तू आजीच म्हण, बाई," मीराबाई म्हणाली. "तुह्या-माह्यात कोणी काही तोडलं नव्हतं."

एप्रिलात घरमालकीण भिलाईला गेली. शाळेच्या कार्डावर चेतनानं मीराबाईचं नाव चढवलं, आणि शाळेच्या फाटकावरचा चौकीदार भैय्यालाल कार्ड पाहून म्हणाला, "जाइए अम्मा, ले जाइए." दुपारी कौमुदी आजीकडे जेवायची, ओसरीत अभ्यास करायची. साडेसहाला चेतना यायची, फाटकाबाहेरूनच हॉर्न वाजवायची. आत यायची नाही, हाकही मारायची नाही. हाक मारायची तर काय म्हणून मारायची, तो शब्द अजून तिच्या तोंडी बसला नव्हता. मीराबाईची कसरत वेगळी. 'चेतना' म्हणता म्हणता जीभ चावायची. एकदा सवयीनं बोलून गेली, "भाजी घेऊन जा!" आणि लगेच, "म्हणजे, नेशीन का?" देवीदासला त्या दिवशी हसून हसून ठसका लागला.

इंद्रजीत आधी फुगून बसला होता. त्याला वाटलं, आई तिकडच्या बाजूला गेली. एका रविवारी जेवता जेवता त्यानं विचारलंच, "तुम्ही दोघी मितान झाल्या, तर ते माही कोण लागते आता?"

"आईची मितान म्हणजे फूलदाई," देवीदास ताटातून मान वर न करता म्हणाला. "आईच्या जागी. पाया पडा लागते."

इंद्रजीतचा घास हातातच राहिला. मग तो जो हसत सुटला, त्याला आवरेचना. त्या घरात कोणी चेतनाच्या नावावरून हसलं त्याला किती वर्षं झाली होती, कोणास ठाऊक.

कौमुदीच्या निकालाच्या दिवशी इंद्रजीत आणि चेतना दोघंही शाळेत गेले. काय झालं ते कौमुदीनं घरी येऊन उड्या मारत सांगितलं. "आजी, पप्पा ने ना मम्मी को हाथ जोड़ के बोला, नमस्ते फूलदाई! मम्मी इतना हँसी, इतना हँसी कि मॅडम भी देखने लगी!" मग जरा थांबून म्हणाली, "दोनों साथ में हँसे, आजी."

मीराबाईनं मशीनचं चाक थांबवलं आणि पोरीला मांडीवर ओढून घेतलं. नवरा-बायको म्हणून ते दोघं काही परत एक होणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिनं ती आशा सोडलीही होती. पण त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. दोघं मोबाईलवर सरळ एकमेकांना लिहू लागले. इंद्रजीतची रविवारी ड्यूटी लागली तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी कौमुदी त्याची, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. शनिवारचं पोट एप्रिलात एकदाच दुखलं, तेही कैऱ्या खाऊन.

आणि मे महिन्यात बदलीची ऑर्डर आली. कौमुदीनंच सांगितलं, "मम्मी का लेटर आया है, राजनांदगाव का." मीराबाई काही बोलली नाही. मधात पडायचं नाही असा शब्द दिला होता. तीन दिवस साडेसहाला हॉर्न वाजला, पोरगी गेली, आणि मीराबाई फाटकाशी उभी राहून स्कूटी वळेपर्यंत पाहत राहिली. विचारावं असं शंभरदा ओठांवर आलं. या बाईनं तोंड शिवायला शिकायचं ते एकसष्टाव्या वर्षी शिकलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी स्कूटी आली. ही काही चेतनाची यायची वेळ नव्हती. मीराबाईनं मशीन थांबवलं. सामान बांधायला सुट्टी काढली असणार, आता पोरीला घेऊन जाणार. हॉर्न वाजायची ती वाट पाहत बसली. हॉर्न वाजला नाही.

"गोंदाफूल!"

मीराबाईला आधी कळलंच नाही. गल्लीत दोन खिडक्या उघडल्या.

"वो गोंदाफूल! आहे का घरात?"

"आजी," कौमुदीनं तिचा दंड हलवला, "आपको बुला रही है."

या हाकेला त्याच शब्दानं ओ द्यायची असते, हे मीराबाईला पाठ होतं. "हाव, गोंदाफूल," ती म्हणाली. "ये ना. आत ये."

चेतनानं फाटक उघडलं, ओसरीत चपला काढल्या आणि दोन वर्षांनी उंबरा ओलांडून आत आली. हातात कागद होता. "रद्द करून आणली ऑर्डर," ती म्हणाली. "चार टेबलं फिरली सकाळपासून. पोटात काही नाही माह्या. वांगं आहे का?"

"आहे. हात धू," मीराबाई म्हणाली, आणि झटकन जीभ चावली. "म्हणजे, धुशीन का?"

"धुते, धुते!" चेतना हसत मोरीकडे गेली.

समोरच्या घरची कौमुदीच्या वयाची नातवंडं असलेली म्हातारी गजभियेबाई एव्हाना पार फाटकापर्यंत येऊन वाकून पाहत होती. "कोण आली वो, मीराबाई?"

मीराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माही गोंदाफूल आली!" आणि ताट वाढायला आत गेली.